सुपाचा एक डबा किती जणांना पुरतो? वाटीच्या मापानं हिशोब

मागच्या दिवाळीत नणंदेचा मुलगा अमेरिकेहून आला, तेव्हा त्यानं बॅगेतून टोमॅटो सुपाचे सहा डबे काढून ओट्यावर मांडले. "मामी, रात्री करायला सोपं," एवढं बोलून तो मित्रांना भेटायला दारव्ह्याला निघून गेला. रात्री जेवायला सात माणसं होती. माणशी एक डबा धरू, मी आणि हे एका डब्यात भागवू, असा मी हिशोब केला. डबे उघडायला अर्धा तास गेला, कारण डबा कापायचं यंत्र घरात नव्हतं. मग सगळं गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतलं, गरम केलं आणि वाट्या भरल्या. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक चमचा तोंडात घातला, वाटी बाजूला सारली आणि विचारलं, "हे सूप होय का भेदराची चटणी?"

भेदर म्हणजे आमच्याकडे टोमॅटो, आणि चटणीच होती ती. घट्ट, लालभडक आणि जिभेला लागेल इतकी खारट. डब्यावर 'कंडेन्स्ड' असा शब्द होता, म्हणजे आटवलेलं. प्रत्येक डब्यात डबाभर पाणी घालायचं होतं. त्या सहा डब्यांचं सूप पंधरा माणसांना पुरलं असतं आणि मी ते सात जणांच्या पुढ्यात ठेवलं होतं. तेव्हापासून घरात सूप आलं, मग ते डब्याचं असो की पाकिटाचं, मी आधी वाटी मोजते आणि मगच गॅस पेटवते. तो हिशोब इथे लिहिते आहे.

आधी डबा कोणत्या जातीचा ते बघा

डब्यातल्या सुपाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एक आटवलेलं, दुसरं तयार. बाहेरून दोन्ही डबे सारखेच दिसतात आणि सगळी गडबड तिथेच होते.

आटवलेल्या सुपाचा अमेरिकन डबा लहान असतो, साधारण ३०५ ग्रॅमचा. त्यात तेवढंच पाणी किंवा दूध घातलं की ६०० मिलीच्या आसपास सूप होतं. ही युक्ती जुनी आहे. १८९७ साली कॅम्पबेल कंपनीतला रसायनतज्ज्ञ जॉन डोरन्स यानं सुपातलं पाणी काढून डबा लहान केला. डबा हलका झाला तसं रेल्वेचं भाडं कमी झालं आणि दहा सेंटला एक डबा विकणं परवडू लागलं. थोडक्यात, पाणी तुमच्या घरचं आणि बाकीचं कंपनीचं. हे ठाऊक नसलं की आमच्यासारखी चटणी होते.

तयार सुपाचा डबा बहुतेक ४०० ग्रॅमचा असतो. इंग्लंडकडून येणारे डबे असे असतात. तो नुसता गरम करायचा, पाणी घालायचं नाही. घातलंत तर उलटी फजिती होते आणि रंगीत पाणी पीत बसावं लागतं. कोंबडीचे नाहीतर भाज्यांचे मोठे तुकडे असलेले ५०० ग्रॅमच्या वरचे डबेही मिळतात, तेही तयारच असतात.

डब्यावरचं इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर सोपी खूण सांगते. डबा उघडून चमचा बुडवा. चमच्यावरून सूप धारेनं ओघळलं तर ते तयार आहे. खरवसासारखी वडी हलली किंवा डबा उलटा केल्यावर गोळा 'भद्' करून गंजात पडला तर ते आटवलेलं आहे.

आपल्या तालुक्याच्या दुकानात डबे फारसे दिसत नाहीत, पाकिटं दिसतात. कपात घोळायची छोटी पुडी साधारण १५० मिली पाण्याची, म्हणजे एका माणसाची. मोठ्या पाकिटावर 'चार जणांसाठी' असं लिहिलेलं असतं. हे चार जण वाटीवाटी सूप पिऊन जेवायला बसणारे आहेत. सुपावरच भागवणारे नाहीत.

'सर्व्हिंग' म्हणजे माणूस नव्हे

लेबलवर एका डब्यात किती 'सर्व्हिंग' ते लिहिलेलं असतं. आमच्या त्या डब्यावर 'सुमारे अडीच' असं होतं. अडीच माणसं हा प्रकार आमच्या घरी बराच चघळला गेला. शेवटी दोन मोठे आणि एक लेकरू असा त्याचा अर्थ आम्ही लावला, आणि तो अर्थ वाईट नाही.

पण हा आकडा भुकेवरून काढलेला नसतो. अमेरिकेत सुपाचं ठरलेलं प्रमाण २४५ ग्रॅम आहे, म्हणजे त्यांचा एक कप. त्यांचा कप २४० मिलीचा. आपल्याकडे पाहुण्याला चहा देतो त्या कपात त्याच्या निम्मंही मावत नाही. त्यामुळे कुठल्याही परदेशी डब्यावर किंवा पाककृतीत 'एक कप' वाचलं की दीड-पावणेदोन वाट्या समजा.

भारतीय पाकिटावर दर १०० ग्रॅममागे किती आणि एका वाढपात किती असे दोन्ही आकडे छापलेले असतात. शिवाय दिवसाच्या गरजेच्या किती टक्के तेही दिलेलं असतं. मी त्यातली सोडियमची ओळ आधी वाचते. का, ते पुढे येईलच.

तुमची वाटी मोजा

हे काम एकदाच करायचं आहे, पण करायचंच आहे. आहाराच्या हिशोबात वाटी १५० मिलीची धरतात. घरातली वाटी मात्र आंदणातली असते, बक्षिसातली असते, कुणाच्या तरी वास्तुपूजनातली असते आणि प्रत्येकीचं माप वेगळं असतं.

पाण्याची एक लिटरची बाटली घ्या. काठोकाठ नको, सूप जिथवर वाढता तिथवर वाटी भरा, गंजात रिकामी करा, पुन्हा भरा. बाटली किती वाट्यांत संपली ते मोजा. साडेसहा वाट्या झाल्या तर तुमची वाटी १५० मिलीची. आठ झाल्या तर १२५ ची. माझ्याकडच्या रोजच्या वाट्या १४० च्या निघाल्या आणि सासूबाईंची पितळी वाटी चक्क २१० ची. म्हणजे 'मी तं एकच वाटी घेते' हे त्यांचं म्हणणं इतकी वर्षं दीड वाटीचं होतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

ओगराळ्याचंही माप याच पद्धतीनं काढून ठेवा. पंगतीत वाढताना वाटी हातात नसते, ओगराळं असतं.

आता माणशी किती

एका माणसाला किती सूप पुरतं हे सूप ताटात काय काम करतं त्यावर ठरतं. त्याच्या मागून भाकर येणार आहे, की सोबत येणार आहे, की भाकर येणारच नाही?

जेवणाआधी प्यायचं असेल तर माणशी १५० मिली, एक वाटी. याहून जास्त दिलं की मागची भाजी उरते. लहान लेकराला १०० मिली पुष्कळ.

पोळी किंवा भाकरीसोबत कालवणासारखं खायचं असेल तर २०० ते २५० मिली धरा. आपल्याकडे भाकर कुस्करून खायची सवय आहे आणि कुस्करलेली ज्वारीची भाकर रस्सा पिते. पावाच्या दोन कापांसोबत जे सूप पुरतं ते आपल्या काल्याला पुरत नाही. मी हिशोबात माणशी अर्धी वाटी वरून धरते.

नुसतं सूप हेच जेवण असेल तर ३५० ते ४०० मिली, म्हणजे तयार सुपाचा अख्खा डबा एका माणसाला. पण इथे जरा थांबा, कारण खरी फसगत इथे होते.

टोमॅटोच्या किंवा भाज्यांच्या साध्या सुपात १०० ग्रॅममागे साधारण ५० कॅलरी धरल्या तर ४०० ग्रॅमच्या डब्यात २०० कॅलरी झाल्या. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३३० च्या वर कॅलरी असतात, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत तेवढ्याच २००. अख्खा डबा बरोबर एक बारीक भाकर. आमच्याकडे थापतात ती भाकर तर याहून जाडच असते. कापूस वेचून आलेल्या बाईला किंवा दिवसभर फवारणी करून आलेल्या माणसाला तुम्ही एका भाकरीवर झोपायला सांगाल का? सूप पोट भरतं ते पाण्यानं. थोड्या वेळानं ती भूक पुन्हा दारात उभी राहते.

म्हणून कष्टाच्या माणसाला सूपच द्यायचं असेल तर २५० मिली सूप आणि सोबत घट्ट काहीतरी द्या. दोन भाकरी, नाहीतर सुपातच उकडलेला आलू कुस्करून, नाहीतर मूठभर शिजवलेली तुरीची डाळ घालून. ३० ग्रॅम तूरडाळीतून साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. टोमॅटोच्या सुपात प्रथिनं नावालाच असतात. खरं सांगायचं तर फोडणीचं वरण हेच आपलं सूप आहे. माणशी ३० ते ४० ग्रॅम डाळ घेतली की दीड वाटी पातळ वरण होतं आणि ते डब्यातल्या कुठल्याही सुपापेक्षा जास्त वेळ पोटात टिकतं.

मिठाचा हिशोब

डब्यातलं सूप भुकेला कमी पडतं आणि मिठाला जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात २ ग्रॅम सोडियम असतं.

भारतीय आणि अमेरिकन लेबलवर मीठ नाही, सोडियम लिहिलेलं असतं आणि तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. समजा तयार सुपाच्या डब्यावर १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे. ४०० ग्रॅमच्या डब्यात ते १२०० झालं. गुणिले अडीच, ३००० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ग्रॅम मीठ. दिवसाच्या पाचातले तीन एका डब्यात संपले. मग त्यावर लिंबाचं लोणचं, पापड, मिरचीचा ठेचा आहेच. विदर्भाच्या ताटात मीठ कुठे कुठे दडलेलं असतं हे ताट वाढणारीलाच ठाऊक.

घरात रक्तदाबाची गोळी चालू असलेलं माणूस असेल तर त्याला अर्धा डबा, आणि तोही बिनमिठाच्या वरणाच्या पाण्यात वाढवून द्या. वाटी भरलेली दिसते, मीठ निम्मं जातं. त्या जेवणात लोणचं नको. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डबा उघडण्याआधी डॉक्टरला विचारा. तिथे सोडियमसोबत पोटॅशियमचाही प्रश्न येतो आणि टोमॅटोत ते भरपूर असतं. वर्षाच्या आतल्या बाळाला डब्यातलं किंवा पाकिटातलं सूप अजिबात देऊ नका. सहा महिने पूर्ण झाले असतील तर त्याला बिनमिठाचं डाळीचं पाणी नव्हे, मऊ शिजवलेली डाळच कुस्करून द्या.

तापातून उठलेल्या माणसाला एकदम मोठी वाटी पुढे ठेवू नये. त्याच्या पोटात ती मावत नाही आणि 'संपव' म्हणून मागे लागणारे चार जण उशाशी बसलेले असतात. १०० मिली द्या, दोन तासांनी पुन्हा १०० मिली. दिवसात चार-पाच वेळा झालं तर सूप म्हणून तेवढं पुरेसं.

गरम करताना

आटवलेलं सूप असेल तर माप म्हणून तोच रिकामा डबा वापरा. आधी सूप गंजात काढा. मग डब्यात पाणी भरून हलवा, म्हणजे कडेला चिकटलेलं निघून येईल, आणि ते पाणी थोडं थोडं ओतत पळीनं घोळत राहा. एकदम ओतलंत तर गुठळ्या होतात, पिठल्याला होतात तशाच. टोमॅटोच्या सुपात पाण्याऐवजी निम्मं दूध घातलं तर चव गोलसर होते, पण दूध घातल्यावर खळखळ उकळू देऊ नका. टोमॅटोच्या आंबटपणानं दूध फाटतं.

चुलीवर करणार असाल तर आणखी एक सांगते. चुलीचा जाळ हातात राहत नाही. दहा मिनिटं रटरटलं की सूप आटतं, वाट्या कमी भरतात आणि मीठ तेवढंच राहिल्यानं खारट लागतं. म्हणून वाट्यांचा हिशोब चुलीवरून उतरवल्यावर करा. कमी पडलं तर उकळतं पाणी घाला, गार नको. वरून सांबार (म्हणजे कोथिंबीर), जिरेपूड, मिरे जे आवडेल ते घाला. मीठ मात्र चव घेतल्याशिवाय घालू नका. बहुतेक वेळा लागतच नाही.

बंद डबा चुलीत किंवा उकळत्या पाण्यात ठेवून गरम करायचा प्रकार काही मुलं शेतावर करतात. आतली वाफ डबा फोडते. करू देऊ नका.

हुरड्याला, लग्नाला

थंडीत शेतावर हुरड्याला वीस-पंचवीस माणसं जमली की कुणीतरी सूप काढतंच. कागदी कपात १०० ते १२० मिली जातं. गावच्या लग्नातही आता पंगतीच्या आधी सुपाचं टेबल असतं आणि तिथेही तोच कप. पन्नास माणसांना १२० मिली म्हणजे ६ लिटर. दुसरा कप घेणारे निघतात तसे न घेणारेही निघतात. म्हातारी मंडळी तर सुपाकडे बघतही नाहीत, थेट पंगतीत जागा धरतात. तरी अर्धा लिटर वरून ठेवावं.

साडेसहा लिटरला आटवलेले डबे अकरा लागतील. एवढ्या माणसांसाठी डबे घेणं मला पटत नाही. पाव किलो टोमॅटोचं घरी केलेलं सूप साधारण २०० मिली होतं, म्हणजे पन्नास जणांना आठ किलो टोमॅटो. हिवाळ्यात आठवडी बाजारात टोमॅटो पडून असतात तेव्हा हा हिशोब डब्याच्या हिशोबाजवळ फिरकतही नाही. टोमॅटो महाग झाले की सरळ तूरडाळीचं पातळ सार करा.

डबे ठेवायचे कुठे

बाहेरचे सल्ले इथे उपयोगाचे नाहीत, कारण त्यांना आपला मे महिना माहीत नाही. डबाबंद अन्न ३० अंशांच्या आत ठेवावं आणि ३८ च्या वर जाऊ देऊ नये, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. आपल्याकडे सावलीतला पारा ४५ ला टेकतो. टिनाच्या पत्र्याखालच्या फळीवर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. त्या उष्णतेत वाढणारे जंतू सूप आंबट करतात आणि डबा बाहेरून सपाट, चांगला दिसत राहतो. म्हणून डबे माळ्यावर नको, खालच्या मातीच्या खोलीत, कोरड्या जागी ठेवा. दिवाळीत आलेले डबे होळीच्या आत संपवा.

फुगलेला डबा, शिवणीवर चेपलेला डबा, गंजून ओलसर झालेला डबा उघडूही नका. उघडताना आतून फवारा उडाला तर वास घेत बसू नका, चवीचा तर प्रश्नच नाही. बॉटुलिझमचं, म्हणजे बंद डब्यात वाढणाऱ्या जंतूंचं, विष जिभेला कळत नाही. असा डबा गुरांच्या, कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही असा खोल पुरा.

अर्धा डबा उरला तर

एकट्या माणसाच्या घरी हे नेहमी होतं. उघडलेला डबा तसाच ठेवू नका. सूप स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा, झाका आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन-चार दिवस चालतं. लोडशेडिंगमुळे फ्रिज दिवसाचे सहा तास बंद राहत असेल तर त्या फ्रिजला कपाट समजा आणि उरलेलं त्याच दिवशी संपवा. आटवलेलं सूप असेल तर सगळ्यात पाणी घालू नका. लागेल तेवढं काढून घ्या आणि पाणी फक्त त्यातच घाला.

आमच्या त्या सहा डब्यांतलं जवळजवळ चार डब्यांचं सूप गंजात तसंच राहिलं होतं. रात्री फ्रिजमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा-लसणाची फोडणी केली, सावजी मसाला घातला, ते सूप आणि त्याच्या दुप्पट पाणी ओतलं, मीठ घातलं नाही, आणि उकळी आल्यावर पाटवड्या सोडल्या. मामाजींनी तीन वाट्या रस्सा घेतला. माझ्या मापानं ४२० मिली.